शाळेतलं आयटी वेगळं, आयटीआय वेगळं... किती वेळा सांगू!

दहावीचे रिझल्ट लागले की आमच्या इंदूरच्या रामबागेत दर वर्षी हेच सुरू. "आमच्यानं शाळेतच आयटी घेतलंय, मग आयटीआय कशाला?" अहो काकू, आयटीआय म्हणजे फिटरसारखी हातातली कामं शिकवणारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था. नावात एका 'आय'चाच फरक आहे, पण त्या एका आयमध्ये फिटरची पुरती दोन वर्षं जातात.

शाळेतलं आयटी, म्हणजे कॉम्प्युटरचा विषय, सीबीएसई बोर्डाचा कोड ४०२, ते घरोघरी माहीत आहे. सहावा विषय, ५० लेखी, ५० प्रॅक्टिकल. गणित, सायन्स नाही तर सोशलमध्ये पोरगं अडकलं तर त्याच्या जागी हा धरतात, आणि खरं सांगू, बरेच जण तेवढ्यासाठीच घेतात. घ्या, वाईट काही नाही.

पण तो मार्कशीटवरचा एक विषय आहे, बस. आयटीआयमध्ये आपल्या ट्रेडची, म्हणजे शिकलेल्या कामाची, ऑल इंडिया ट्रेड टेस्ट पास झालात की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट हातात येतं, आणि खरी गोम तिथंच आहे, कारण रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाचा, फॉर्म उघडून बघा, दहावीसोबत आयटीआय नाही तर इंजिनीअरिंगचा डिप्लोमा-डिग्री मागतात, तिथं ४०२ मध्ये पैकीच्या पैकी असले तरी कोणी विचारत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात ट्रेड अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून घेतात तेव्हाही बहुतेक जागी हेच सर्टिफिकेट बघतात.

माझा भाचा फिटरला होता. सुरुवातीला कित्येक दिवस लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरून नुसती कानस मारायची, मग सर त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरणार, फटीतून जरा उजेड दिसला की "घास पुन्हा". हे ५० मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये कुठून येणार?

फी, युनिफॉर्म वगैरे फरक आहेतच, ते सोडा. माझं डोकं फिरतं ते "आयटीआय केलं म्हणजे कॉलेज बंद" ऐकून, तेही लग्नाच्या पंगतीत, "मार्क कमी आले वाटतं" असं हळूच जोडून. कशाचं बंद? दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की बीईच्याही दुसऱ्या वर्षाला. लॅटरल एन्ट्री म्हणतात त्याला. मशीनची आवड असलेल्या पोराला मी तरी हाच रस्ता सांगीन, जबरदस्तीनं अकरावी सायन्स नाही.

भाचा सध्या इंदूरजवळ पीथमपूरला कारखान्यात अप्रेंटिस आहे, सकाळी पोहे खायलाही थांबत नाही, बस निघते. पुढच्या वर्षी डिप्लोमाच्या प्रवेशाच्या काउन्सिलिंगला बसणार म्हणतोय.