कळकलेला हिरवा आणि चिमूटभर केशर

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की पितळातल्या तांब्यामुळे ते कळकतं. शाहनामा किंवा निजामीचा खम्सा या फारसी काव्यांच्या चारपाचशे वर्षं जुन्या सचित्र प्रतींमध्ये मजकुराचा चौकोनच्या चौकोन पानातून सुटून येतो, त्यामागेही हेच तांबं असतं. दोष मात्र सरसकट कसरीला दिला जातो.

फारसी काव्याच्या पानावर मजकुराभोवती चौकट आखतात. सोन्याची पट्टी, तिच्या कडेने काळ्या बारीक रेघा आणि बाहेर निळी, लाल, हिरवी रेघ. हिरवी बहुधा जंगालाची. बंद भांड्यात व्हिनेगरच्या वाफेवर तांब्याचे पत्रे महिनाभर ठेवायचे आणि वर चढलेला हिरवा थर खरवडून घ्यायचा, की झाला जंगाल, म्हणजे मुख्यतः कॉपर असिटेट.

हे संयुग पाण्यात विरघळतं, सगळी गोम तिथे आहे. मॅलाकाइट हे हिरवं खनिजही तांब्याचंच, पण ते विरघळत नसल्याने बरंच निरुपद्रवी. दमट हवेत जंगालातलं असिटिक आम्ल हळूहळू उडून जातं, तांब्याचे आयन (विद्युतभारित अणू) कागदाच्या तंतूंत शिरतात. ते एक इलेक्ट्रॉन घेतात, पुन्हा सोडतात, आणि या देवघेवीत हवेतल्या ऑक्सिजनपासून आधी पेरॉक्साइड, मग हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात. ही मूलकं कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजची साखळी जागोजागी तोडतात. तांबं स्वतः खर्च होत नाही, त्यामुळे काम थांबतही नाही. रेघ तपकिरी होते, पानाच्या पाठीवर उमटते, शेवटी कागद रेघेवरच तडकतो. ‘नैसर्गिक रंग सौम्य असतात’ म्हणणाऱ्यांनी असं एखादं पान जरूर पाहावं.

जुन्या फारसी कृतींत जंगालात केशर घालायला सांगितलंय. रंगाची छटा खुलते हे खरंच; पण कृत्रिमरीत्या जुनवलेल्या कागदांवरच्या प्रयोगांत केशरमिश्रित जंगालाने कागदाची हानी कमी केली. केशर पीएच, म्हणजे आम्लतेची पातळी, फारसा ढळू देत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अनेक हस्तलिखितांवर ‘या कबीकज’ असंही लिहिलेलं असतं. किड्यांच्या राजाची दुहाई दिली की कीड पान खात नाही, अशी समजूत! कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. वनस्पती कदाचित उपयोगी पडलीही असेल, नुसत्या नावाने कीड हटत नाही.

तडकलेली रेघ जोडताना पातळ खळ लावणं ही हमखास होणारी चूक. पाण्याबरोबर तांबं शेजारच्या धड कागदात पसरतं आणि चीर रुंदावते. म्हणून अतिशय पातळ जपानी कागदाला आधीच जिलेटिन लावून वाळवतात, चिकटवण्यापुरतंच किंचित ओलं करतात आणि पाठीमागून बसवतात.