राधानगरी अभयारण्य : ऋतुमानानुसार वन्यजीवदर्शन

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, फोंडा घाटमाथ्यालगत, भोगावती व दूधगंगा या नद्यांवरील जलाशयांभोवती पसरलेले अभयारण्य. क्षेत्रफळ ३५१.१६ चौ. किमी. संस्थानकाळी हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. दाजीपूरचा भाग १९५८ मध्ये गव्यांसाठी राखला गेला. १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून त्यास राधानगरी अभयारण्य म्हणू लागले. ‘महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य’ हा उल्लेख सर्रास आढळतो. मात्र १९५८ मध्ये महाराष्ट्र राज्य व्हायचे होते, हे ध्यानात ठेवून तो घ्यावा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत याचा समावेश आहे.

येथील मुख्य प्राणी गवा. त्यास ‘बायसन’ म्हणणे ही शिकारी इंग्रजीची देणगी. खरे बायसन अमेरिका व युरोपातले. ‘गवारेडा’ हे नावही फसवे, कारण हा प्राणी म्हशीपेक्षा गाईला जवळचा आहे. ‘गवा’ हा शब्द संस्कृत ‘गवय’पासून आला, हे बहुधा मान्य आहे. गवय नेमका कोणता, हा वाद मात्र जुना आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कदर्शनात, उपमान-प्रमाणाचे (साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाचे) उदाहरण म्हणून ‘गाईसारखा तो गवय’ हे वाक्य येते : गवय न पाहिलेला नागरिक वनवासीयाकडून हे ऐकतो आणि रानात तसा पशू दिसताच त्याला ओळखतो. काही अभ्यासक या गवयात नीलगाय पाहतात, काही गयाळ (ईशान्येकडील मिथुन). शिवाय वैदिक वाङ्मयात ‘गौर’ हे निराळे पशुनाम आहेच. सह्याद्रीपुरते पाहता मराठी ‘गवा’ याच पशूला चिकटला आहे आणि गाईशी साम्याची खूणही त्याला पटते.

उन्हाळ्यात सड्यांवरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरचे, गवत वाळते आणि कळप पाणवठ्यांकडे सरकतात. म्हणून मार्च ते मे हा गवा दिसण्याचा हमखास काळ. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या प्राण्यांच्या मोजणीला शास्त्रीय गणना मानू नये; ती मुख्यतः अनुभवाची रात्र. याच सुमारास धनेश पक्ष्याची मादी ढोलीचे तोंड आतून लिंपून अंडी उबवते व नर तिला फटीतून चारा भरवतो. मेअखेर, जोराच्या पावसापूर्वी, काजवे झाडे उजळतात.

पावसाळ्यात दाजीपूरचे रान पर्यटकांसाठी बंद असते. इदरगंज, सावराई इत्यादी सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे, गेंद फुलतात. डबक्यांत बेडकांची वीण वाढते.

हिवाळ्यात गवे सकाळ-संध्याकाळ सड्यांवर चरतात. शेकरू बारमाही दिसते. पिसोरी (चिमुकले हरणासारखे जनावर) निशाचर असल्याने क्वचितच दृष्टीस पडते. गवे अलीकडे उसाच्या फडांतही शिरतात.