जुन्या मालिकांविषयीचे बदलते मत: पार्श्वभूमी

20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यात 55व्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन झाले, आणि त्याच समारंभात मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांच्या हस्ते प्रसार भारतीच्या ‘वेव्ह्ज’ या ओटीटी मंचाचाही आरंभ झाला. दूरदर्शनच्या जुन्या मालिका या मंचाचे मोठे आकर्षण होते. 2004पासून गोव्यात भरणाऱ्या या महोत्सवात मालिका हा प्रकार बराच काळ गणतीतच नव्हता. वेब मालिकेसाठी पुरस्कार सुरू झाला तो 2023 साली, आणि पहिला मान ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाने मिळवला. चित्रपट म्हणजे कला आणि मालिका म्हणजे जेवणानंतरचा विरंगुळा, ही उतरंड इतकी वर्षे कोणी तपासून पाहिली नव्हती. ती सैल होत गेली तशी जुन्या मालिकांविषयीची मतेही बदलली. मात्र हा बदल सर्व मालिकांच्या बाबतीत एकाच दिशेने झालेला नाही, म्हणून त्याचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी उघडले. मुंबईचे प्रक्षेपण गोव्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही नावे गोव्यातील मराठी घरांना ठाऊक झाली ती बहुतांशी वृत्तपत्रांतून, नाहीतर गिरगाव-दादरला राहणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून. 1982 साली रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पाठोपाठ उपग्रहाच्या साहाय्याने देशभर लहान प्रक्षेपक उभे राहिले. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरून दूरदर्शन दिसू लागले तेव्हा गोमंतकीय प्रेक्षकाच्या वाट्याला प्रथम आला तो दिल्लीचा हिंदी कार्यक्रम. त्यामुळे गोव्यातील मराठी माणसाच्या दूरचित्रवाणीच्या जुन्या आठवणी पुष्कळशा हिंदी आहेत.

त्या काळी मत बनण्याची रीतही वेगळी होती. वाहिनी एकच, भाग आठवड्यातून एकदा, आणि चुकला तर पुन्हा दिसण्याची खात्री नाही. लिखित मत म्हणजे वृत्तपत्रातील परीक्षण किंवा वाचकांच्या पत्रव्यवहारातील चार ओळी. बाकी सारी चर्चा दुसऱ्या दिवशी कचेरीत, बाजारात आणि देवळाच्या आवारात होत असे, आणि ती आठवणीवर चालत असे. एखादे दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय नसल्यामुळे ते जसे लक्षात राहिले तसेच पुढे सांगितले जाई. जुन्या मालिकांच्या गौरवातला मोठा वाटा या सांगण्याचा आहे, असे माझे मत आहे.

निर्मात्याचा हेतू आणि प्रेक्षकाचे मत यांची फारकत अगदी पहिल्या लोकप्रिय मालिकेपासून दिसते. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली मालिका मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांच्या धर्तीवर योजलेली होती. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे तिचे घोषित विषय होते. आरंभीच्या भागांतील उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून तो कमी करून कौटुंबिक कथेला जोर देण्यात आला. घरातील भागवंती ही सोसणारी, मुकाट राबणारी आई. स्त्रीने असे जगू नये, हे दाखवण्यासाठी ती लिहिलेली होती. परंतु अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा कौल घेतला तेव्हा अनेकांना, त्यांत अनेक स्त्रियांनाही, भागवंतीच आदर्श वाटत असल्याचे आढळले. आज तीच मालिका पाहणाऱ्या तरुण मुलीला भागवंतीची घुसमट प्रथम दिसते. म्हणजे लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचायला जवळजवळ एक पिढी जावी लागली.

मतबदलाचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच ‘रामायण’. रामानंद सागर यांच्या या मालिकेचा पहिला भाग 25 जानेवारी 1987 रोजी, रविवारी सकाळी दाखवला गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी, 4 फेब्रुवारीला, गोव्याच्या विधानसभेत राजभाषा विधेयक संमत झाले. 30 मे रोजी गोवा घटक राज्य बनला तेव्हाही मालिका सुरूच होती. कोकणी-मराठी वादाने तापलेल्या त्या वर्षात दोन्ही बाजूंची घरे रविवारी सकाळी एकाच हिंदी मालिकेपुढे बसत, याची नोंद राजकीय इतिहासात सहसा सापडत नाही. संच असलेल्या घराची वसरी सकाळी नऊपासूनच भरू लागे. कोणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असा पुकारा होई. वीज गेली की सारा जमाव वीज खात्याच्या नावाने बोटे मोडी.

इंग्रजी वृत्तपत्रांतील समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. गती मंद, नेपथ्य भडक, अभिनय नाटकी, बाणांची टक्कर हास्यास्पद, असे आक्षेप तेव्हाच घेतले गेले होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचे नव्हते. गोव्यात ते फारसे का रुजले नाहीत, याचे उत्तर इथल्या रंगपरंपरेत शोधावे लागते. देवळाच्या उत्सवात गावच्या मुलांनी बसवलेले पौराणिक मराठी नाटक, पेडण्याकडचा दशावतार आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे कीर्तन यांवर वाढलेल्या प्रेक्षकाला रंगवलेल्या पडद्याचे किंवा भरजरी मुकुटाचे वावडे नव्हते. कीर्तनातले आख्यान सर्वांना आधीपासून ठाऊक असते, आणि बुवा ते कसे खुलवतात हे पाहायला श्रोता बसलेला असतो. कैकेयीने कोपभवनात शिरावे, दशरथाने विनवण्या कराव्यात आणि हे सारे अनेक आठवडे चालावे, यात त्याला दिरंगाई जाणवली नाही. समीक्षकाने चित्रपटाची मोजपट्टी लावली आणि प्रेक्षकाने कीर्तनाची.

तेव्हाचे सारे मत भक्तिभावाचेच होते असेही नाही. 52 भागांची मंजुरी असलेली मालिका वाढून 78 भागांची झाली. ती 31 जुलै 1988 रोजी रामराज्याभिषेकानंतर संपली तेव्हा वाल्मीकी समाजाचा विरोध झाला. उत्तरकांड, म्हणजे वाल्मीकींच्या आश्रमातील सीता आणि लवकुश यांची कथा, दाखवलीच पाहिजे अशी मागणी करत जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला, तो अन्य शहरांतही पसरला, आणि अखेर पुढील मालिका निघाली. आज ‘सारा देश हात जोडून पाहत होता’ असे सांगताना हा संप हमखास गाळला जातो.

त्याच सुमारास, जानेवारी 1988 मध्ये, गोविंद निहलानी यांची ‘तमस’ दाखवली गेली. फाळणीच्या दंगलींवरील ही मालिका थांबवावी यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्ही ठिकाणी प्रक्षेपणाला मोकळीक मिळाली. तेव्हा जिच्यामुळे शांतता भंगेल असे म्हटले गेले, ती आज भारतीय दूरचित्रवाणीच्या श्रेष्ठ कृतींमध्ये गणली जाते. तिचे पुनर्मूल्यांकन करण्यासाठी मात्र लोक ती पुन्हा पाहतात असे दिसत नाही. आदराने नाव घ्यायचे आणि पाहायचे मात्र काही हलकेफुलके, हा आपला जुनाच शिरस्ता आहे.

बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’बाबत (1988-90) आक्षेप होता तो लेखकावर. राही मासूम रझा यांच्याकडून संवाद का लिहून घेता, अशी पत्रे निर्मात्याकडे गेली. आज त्या मालिकेचे सर्वाधिक कौतुक होते ते नेमक्या त्या संवादांचे आणि ‘मैं समय हूँ’ या निवेदनाचे. गोव्यात तिला आणखी एक धागा आहे. उत्तरेची भूमिका करणाऱ्या वर्षा उसगावकर गोमंतकीय, त्यामुळे ते भाग इथे ‘आपल्या मुलीचे’ म्हणून पाहिले गेले. अशा जिव्हाळ्याला समीक्षेत स्थान नसते, पण मत बनवण्यात असते.

28 मार्च 2020 रोजी टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने सांगितले आणि तो जागतिक विक्रम असल्याचा दावा केला. त्या दाव्यावर लगेच शंकाही घेतल्या गेल्या. आकड्यांपेक्षा महत्त्वाचे होते ते पाहण्याच्या तऱ्हेतील अंतर. पूर्वी आठवडाभर वाट पाहून मिळणारा भाग आता रोज सकाळ-संध्याकाळ मिळत होता, त्यामुळे संथपणाची जुनी तक्रार पुष्कळशी विरली. दुसरीकडे, ज्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली त्यांनी बाणांच्या दृश्यांवर मीम केले. रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी वृद्धापकाळी घरच्या दूरचित्रवाणीवर सीताहरणाचा प्रसंग पाहताना हात जोडतात, अशी चित्रफीतही याच काळात सर्वदूर फिरली. टिंगल आणि भक्तिभाव, दोन्ही एकाच भ्रमणध्वनीवर, कधी एकाच घरातून पुढे पाठवले जात होते.

मराठी मालिकांचा मोठा बहर खासगी वाहिन्यांसोबत आला. 1999 मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ सुरू झाली आणि केबलमुळे गोव्यातील प्रेक्षकाला मुंबईच्या बरोबरीने, त्याच रात्री, मराठी मालिका मिळू लागली. ‘आभाळमाया’तील सुधा जोशी ही शिकलेली, कमावती, नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाला तोंड देणारी स्त्री तेव्हा धीट वाटली होती. आज ती मालिका पाहणाऱ्या मुली ‘ही इतके दिवस थांबली कशाला’ असे विचारतात. हा प्रश्न पात्राला विचारलेला असला तरी तो खरे तर त्या वेळच्या प्रेक्षकालाही लागू आहे. 2001 साली सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ तुलनेने कमी जुनी झाली. आठवड्याची मालिका असल्याने तिचा प्रत्येक भाग लिहायला वेळ मिळत होता, आणि चार-एक वर्षांत ती थांबली. त्याच वर्षी सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ मात्र 3000हून अधिक भागांपर्यंत गेली. इतकी मालिका सलग पुन्हा कोण पाहणार? अशा मालिकेविषयी पुढे मत उरते ते शीर्षकगीत आणि दोन-चार प्रसंग यांच्या बळावर. दैनंदिन मालिका जुनी होताना हिणवली जाते, यामागे तिची लांबी हे एक सरळ कारण आहे.

गोव्याच्या अगदी सीमेवरचे उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’चे. 2016 साली सुरू झालेल्या या मालिकेचे चित्रीकरण पत्रादेवीपलीकडे, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील वाड्यात होत असे. कोकण म्हणजे भुतेखेते, अशी प्रतिमा पसरते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, अशा तक्रारी प्रारंभीच झाल्या. 2019 मध्ये दुसरे पर्व आले आणि अण्णा नाईक व शेवंता ही नावे घरोघरी पोहोचली, मालवणी बोली मुख्य प्रवाहात आल्याचा अभिमान व्यक्त होत होता, आणि तो वाडा पाहायला पर्यटक थांबत होते. पेडणे, डिचोली भागातील प्रेक्षकाला ती बोली परकी नव्हतीच. इथे मत पालटायला पिढी लागली नाही, तीनच वर्षे पुरली. आक्षेपातला मुद्दा मात्र कोणी खोडून काढलेला नाही. लोकप्रियतेपुढे तो मागे पडला, इतकेच.

हिंदीत ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ (2000-08) या मालिकेला सासू-सुनेच्या साच्याची जननी म्हणून वर्षानुवर्षे दूषणे दिली गेली. 2025 च्या जुलैमध्ये ती नव्याने सुरू झाली तेव्हा स्वागताचा सूर स्मरणरंजनाचा होता. पत्नीवर बलात्कार करणाऱ्या स्वतःच्या मुलाला मालिकेची नायिका तुलसी गोळी घालते, हा प्रसंग जुन्या मालिकेत होता, याची आठवणही तेव्हा अनेकांनी करून दिली. 1833 भागांच्या पसाऱ्यातून असा एक प्रसंग उचलून मालिकेची बाजू मांडता येते, तसाच दुसरा उचलून तिला झोडपताही येते.

हे सारे फेरविचार ज्यांच्या चित्रफिती उरल्या त्यांच्याच वाट्याला येतात. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात टेप महाग आणि मोजक्या असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’चे फारच थोडे भाग त्यातून वाचले. गोव्यात या मालिकेची तारीफ आजही ऐकू येते, पण ती करणाऱ्या बहुतेकांनी ती प्रक्षेपणाच्या वेळी पाहिलेलीच नाही, चिं. वि. जोशींच्या कथा वाचलेल्या असतात आणि मुंबईच्या आत्या-मावश्यांचे वर्णन ऐकलेले असते. उरलेले कृष्णधवल भाग जे आता पाहतात त्यांना प्रभावळकर आधीच ‘टिपरे’मधले आबा म्हणून परिचित असतात, आणि चिमणरावांना जोखताना ते आबांकडूनच मागे येतात.