खांदेरी, उंदेरी आणि महायुद्धांची कारणमीमांसा

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडे दीपगृह असलेले खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकरवी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आश्रयाला राहत असे आणि तेथून स्वराज्याच्या किनाऱ्याला उपद्रव देत असे; त्याच्यावर नजर ठेवणारे ठाणे महाराजांना हवे होते. मुंबईतील इंग्रजांना मात्र हाच तट आपल्या बंदराच्या तोंडाशी बसलेला पहारेकरी वाटला. त्यांनी जहाजे पाठवली, सप्टेंबर-ऑक्टोबरात लढाया झाल्या आणि जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरीचा ताबा घेऊन तेथेही तट बांधायला घेतला.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात या परिस्थितीला ‘सुरक्षेचा पेच’ म्हणतात. हे नाव जॉन हर्ट्झ या अभ्यासकाने १९५० मध्ये दिले. एका राज्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली तयारी शेजाऱ्याला चढाईची तयारी वाटते, म्हणून तोही तयारीला लागतो, आणि शेवटी दोघेही आधीपेक्षा अधिक असुरक्षित होतात. १९७८ मध्ये रॉबर्ट जर्व्हिस यांनी या विचारात महत्त्वाची भर घातली. संरक्षणाची साधने आणि चढाईची साधने वेगळी ओळखता येत असतील, तर हा पेच सैल होतो. ती ओळखता येत नसतील, तर तो घट्ट बसतो. एरवी किल्ला हे संरक्षणाचेच साधन, कारण तो जागचा हलत नाही. पण तोच किल्ला बंदराच्या वाटेवर उभा राहिला आणि त्याच्या आडोशाला गलबते थांबू लागली, की तो नेमका कशासाठी आहे हे बांधणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते, आणि मन तर शेजाऱ्याला वाचता येत नाही. अर्थात खांदेरीचा हेतू निव्वळ बचावाचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मुंबईकरांवर वचक बसला तर महाराजांना तो नकोसा झाला नसता.

या भीतीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कोकणात दोन भाऊबंदांमध्ये गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, वाद झाला, तर मोजणी मागवता येते, गावकीपुढे बसता येते, नाहीतर कोर्टात जाता येते. राज्यांच्या वर असे कोर्ट नाही. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाच्या कारणांची विभागणी तीन पातळ्यांवर केली. पहिली माणसाच्या स्वभावाची, दुसरी राज्याच्या अंतर्गत रचनेची आणि तिसरी राज्यांच्या वर कोणीही नसलेल्या एकूण व्यवस्थेची. त्यांचा भर तिसरीवर होता. परंतु ‘वर कोणी नाही’ ही स्थिती कायमचीच आहे. ती १९१३ मध्येही होती आणि त्या वर्षी महायुद्ध झाले नाही. युद्ध शक्य का असते हे तिच्यावरून समजते, पण ते अमुक वेळी का झाले हे समजत नाही.

जेम्स फिअरन यांनी १९९५ मध्ये विचारलेला प्रश्न मला या साऱ्या साहित्यात सर्वांत मोलाचा वाटतो. गडग्याच्या दाव्यात वीस वर्षे घालवून, त्या हातभर जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे वकिलांना देऊन शेवटी तडजोड करणारे भाऊबंद प्रत्येक गावात आहेत. तडजोड करायचीच होती तर ती पहिल्याच दिवशी का केली नाही? युद्धात दोन्ही बाजूंचे नुकसान होते, म्हणजे लढून जी वाटणी होणार तीच न लढता केली तर दोघांचाही फायदा असतो. मग शहाणी राज्येही लढतात का? फिअरन यांच्या उत्तराचे दोन भाग महत्त्वाचे आहेत.

पहिला भाग माहितीचा. स्वतःचे बळ आणि लढण्याची जिद्द प्रत्येकाला आतून माहीत असते, पण सौदा पदरात पडावा म्हणून ती फुगवून सांगण्याचा मोह प्रत्येकाला असतो, त्यामुळे कोणी कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. खांदेरीला हेच झाले. मोठ्या तोफांचे जहाज भर समुद्रात भारी पडते, पण वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या हलक्या होड्या रात्री त्याला चकवून बेटावर रसद पोहोचवतात, ही गोष्ट इंग्रजांना लढूनच कळली. ती कळल्यावर, १६८० च्या सुरुवातीला, त्यांनी समेट केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली.

दुसरा भाग वचनाचा, आणि मोठ्या युद्धांच्या बाबतीत तोच अधिक वजनदार आहे. आज दुर्बळ असलेला पण उद्या बलवान होणार असलेला पक्ष आज कितीही प्रामाणिकपणे वचन देवो, उद्या ते पाळायला त्याला भाग कोण पाडणार? १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, जो इशारा आहे, त्याचे मर्म हेच आहे. हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्यामागे यांची राज्ये आहेत. यांना समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये, कारण तेथे ते पक्के बांधकाम करतील आणि मग उठवता येणार नाहीत. आजची लहानशी सवलत उद्याचे बलाबल बदलते, म्हणून ती देणे धोक्याचे असते, ही गोष्ट अमात्यांनी फिअरन यांच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आधी ओळखली होती.

आता १९१४ कडे पाहू. अथेन्सची वाढती शक्ती आणि तिच्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे इ. स. पू. ४३१ मध्ये सुरू झालेल्या युद्धाचे खरे कारण, असे ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने लिहून ठेवले आहे. त्याच धाग्यावर ए. एफ. के. ऑर्गान्स्की यांनी १९५८ मध्ये सत्तांतराचा सिद्धांत मांडला, म्हणजे चढते राज्य प्रस्थापित राज्याला गाठू लागले की युद्धाचा धोका वाढतो, आणि ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी २०१७ मध्ये गेल्या पाचशे वर्षांतील अशा सोळा स्पर्धा मोजून त्यांपैकी बारांचा शेवट युद्धात झाल्याचे दाखवले. ही सोळांची यादी कोणत्या निकषावर केली, यावर बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. या चौकटीत जर्मनी हा चढता आणि ब्रिटन हा प्रस्थापित असे सांगितले जाते. पण १९०६ च्या ड्रेडनॉट युद्धनौकेनंतर पेटलेल्या आरमारी शर्यतीत १९१२ पर्यंत जर्मनी मागे पडला होता. बर्लिनची झोप उडवली होती ती रशियाने. रशियाच्या सैन्यवाढीचा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा होणार होता आणि त्याचे लोहमार्ग वाढत होते. आधी फ्रान्सला काही आठवड्यांत लोळवायचे आणि मग सैन्याची संथपणे जमवाजमव करणाऱ्या रशियाकडे वळायचे, ही जर्मन सेनापतींची योजना त्यामुळे निकामी होत चालली होती. युद्ध व्हायचेच असेल तर लवकर झालेले बरे, असे जर्मन लष्करप्रमुख मोल्टके यांनी डिसेंबर १९१२ मध्येच बोलून दाखवले होते. उद्याचा बलवान रशिया आपल्याला सुखाने राहू देईल, असे कोणते वचन झार देऊ शकत होता आणि ते दिले असते तरी कैसरने त्यावर विश्वास का ठेवावा? भरीस भर म्हणून, पहिला घाव घालणाराच जिंकतो ही त्या काळी सर्वच सैन्यांची समजूत होती. मशिनगन आणि खंदकांनी ती पुढे खोटी ठरवली, पण जुलै १९१४ मधले निर्णय समजुतीवर झाले. ३० जुलैला रशियाने सर्वंकष जमवाजमव जाहीर केली आणि १ ऑगस्टला जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले.

भीतीच्या या कहाणीत एक अडचण आहे. तिच्यात सगळेच थोडेफार निर्दोष ठरतात. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये जर्मन नेतृत्वाच्या विस्तारवादी उद्दिष्टांवर बोट ठेवले, तेव्हा त्याच्याच देशात मोठे वादळ उठले. आणि १९३९ च्या बाबतीत तर सुरक्षेचा पेच फारसा कामाला येत नाही. हिटलरला जमीन हवी होती; पोलंडने तोफा कमी केल्या असत्या तर तो थांबला असता असे कोणी म्हणणार नाही. तेथे वॉल्ट्झ यांच्या पहिल्या दोन पातळ्यांकडे परतावे लागते.

व्यापारामुळे युद्धे टळतात हा समजही पडताळून पाहण्याजोगा आहे. ब्रिटन आणि जर्मनी १९१४ मध्ये एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते, तरी लढले. डेल कोपलंड या अभ्यासकाचे म्हणणे असे की आज व्यापार किती आहे याला महत्त्व नाही, तो उद्या चालू राहील अशी आशा आहे की नाही याला आहे. जपान आपल्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेकडून घेत असे. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ते तोडले. साठा महिन्यागणिक घटत होता, म्हणजे थांबण्यातच दुबळेपणा होता. ७ डिसेंबरला जपानी विमाने पर्ल हार्बरवर आली.