प्रायमरीत मोठ्या नेत्याचा पाठिंबा चालतो का? १९०६ पासूनची गोष्ट

आपल्याकडे तिकीट कुणाला ते वर ठरतं, मुंबईत नाहीतर दिल्लीत. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच प्रायमरीत मत देऊन ठरवतात, त्यामुळे तिथे प्रायमरीच्या आधी रोज बातमी असते की अमक्या सिनेटरने तमक्याला एन्डॉर्स केलं, जाहीर पाठिंबा दिला. त्याने मतं खरंच फिरतात का, हा प्रश्न जवळपास प्रायमरीइतकाच जुना आहे.

विस्कॉन्सिनचा रॉबर्ट ला फॉलेट बघा. १८९६ आणि १८९८ ला रिपब्लिकन अधिवेशनात पुढाऱ्यांनी त्याची गव्हर्नरपदाची (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं, निवडून यायचं पद) उमेदवारी कापली. उमेदवार निवडायचं काम पुढाऱ्यांकडून काढून लोकांना द्या, ही मागणी त्याने मग शेवटपर्यंत लावून धरली. १९०४ ला जनमत घेऊन कायदा पक्का झाला, १९०६ ला राज्यात त्या कायद्याखालची पहिली प्रायमरी झाली. तोवर ला फॉलेट सिनेटमध्ये गेला होता आणि गव्हर्नरसाठी त्याने आपला माणूस उभा केला, अर्व्हिन लेनरूट. समोर जेम्स डेव्हिडसन, जन्माने नॉर्वेचा, आणि राज्यात नॉर्वेहून आलेली शेतकरी कुटुंबं भरपूर. लेनरूट सपशेल पडला. ज्याने प्रायमरी आणली त्याचाच शब्द पहिल्या प्रायमरीत चालला नाही.

यापेक्षा मोठा धडा १९३८ चा. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९३६ ला ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आलेला, जॉर्जिया तर त्याचं दुसरं घर, वॉर्म स्प्रिंग्जला तो पोलिओच्या उपचारासाठी वर्षानुवर्षं यायचा, लोक जीव लावायचे. पण त्याच्याच पक्षाचा तिथला सिनेटर वॉल्टर जॉर्ज, रूझवेल्टच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश वाढवायच्या प्लॅनला आडवा गेलेला. ऑगस्टमध्ये बार्न्सव्हिल गावात वीज सुरू करायचा कार्यक्रम होता, हजारो लोक जमलेले, जॉर्ज स्टेजवरच बसलेला, आणि रूझवेल्टने त्याच्यासमोर सांगितलं की हा माझा मित्र आहे पण माझं मत असतं तर मी त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या लॉरेन्स कॅम्पला दिलं असतं. भाषण संपल्यावर जॉर्जने हात मिळवला आणि म्हणाला, प्रेसिडेंटसाहेब, आव्हान स्वीकारलं. निकालात जॉर्ज पहिला, कॅम्प थेट तिसरा. साउथ कॅरोलिना आणि मेरीलँडमध्येही रूझवेल्टला नको असलेले सिनेटर टिकले, फक्त न्यूयॉर्कचा एक काँग्रेसमन (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, हा तिच्या खालच्या सभागृहातला) पडला.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की लोकांना रूझवेल्ट आवडत नव्हता असं अजिबात नाही, पण बाहेरचा माणूस येऊन आपला सिनेटर ठरवतोय हे त्यांना खपलं नाही. आणि हे "लोक" म्हणजे कोण हेही बघायला हवं, कारण दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मतच देऊ देत नसत आणि दुसऱ्या पक्षाला तिथे कुणी विचारत नव्हतं, म्हणजे खरी निवडणूक प्रायमरीच आणि तिचंच दार बंद. १९४४ ला सुप्रीम कोर्टाने टेक्ससच्या केसमध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली, तरी साउथ कॅरोलिनाने पळवाट काढली, ती १९४७ ला कोर्टानेच बंद केली.

राष्ट्राध्यक्षपदाचं गणित बदललं १९६८ नंतर. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाला, त्यावर एवढा संताप झाला की नियमच बदलले आणि उमेदवार प्रायमरीतल्या मतांवर ठरायला लागला. १९७२ ला पुढाऱ्यांचा पाठिंबा एडमंड मस्कीकडे होता, उमेदवार झाला मॅकगव्हर्न. पुढे डिसेंबर २००३ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोरने हॉवर्ड डीनला पाठिंबा दिला आणि दीड महिन्याच्या आत डीन आयोवात, जिथे तेव्हा सगळ्यात आधी मतदान व्हायचं, तिसरा आला. २००८ ला सिनेटर टेड केनेडीने ओबामाला पाठिंबा दिला, पण केनेडीच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये आठवड्याभरात हिलरी आरामात जिंकली. त्याच वेळी ओप्रा विन्फ्रीच्या पाठिंब्याने मात्र ओबामाला प्रायमरीत सुमारे दहा लाख मतं जास्त मिळाली असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी तिच्या मासिकाच्या खपावरून काढला होता.

मग २०२०. बायडन आयोवात चौथा, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवा, सगळे म्हणत होते संपला. साउथ कॅरोलिनाचा काँग्रेसमन जिम क्लायबर्न एका अंत्यविधीला चर्चमध्ये गेला होता, तिथे पुढच्या बाकावरच्या एका आजींनी त्याला जवळ बोलावून विचारलं, मत कुणाला देणार, मोठ्याने सांगायचं नसेल तर कानात सांग. त्याने सांगितलं, बायडन. आजी म्हणाल्या, हे लोकांना ऐकायचंय. २६ फेब्रुवारीला त्याने जाहीर केलं, "आपण जोला ओळखतो, पण मुख्य म्हणजे जो आपल्याला ओळखतो." तीन दिवसांनी साउथ कॅरोलिनात बायडनला जवळपास ४९ टक्के, प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स २० च्या आसपास. बायडन तिथे आधीपासूनच पुढे होता हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय क्लायबर्नला देता येत नाही, पण बुटिजेज आणि क्लोबुशार हे दुसरे दोन उमेदवार माघार घेऊन बायडनमागे उभे राहिले ते हा निकाल बघूनच, आणि मग सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत प्रायमरी होते त्या मंगळवारी, चौदापैकी दहा राज्यं आली. ज्या राज्यात कृष्णवर्णीयांना प्रायमरीचं दार बंद होतं तिथे आता डेमोक्रॅटिक प्रायमरीतले निम्म्याहून जास्त मतदार तेच आहेत, आणि क्लायबर्न त्यांच्यातलाच, १९४० ला त्याच राज्यात जन्मलेला.

ट्रम्पचं काय, असं कुणीही विचारेल. २०२२ ला ओहायोत सिनेटच्या प्रायमरीत जे. डी. व्हान्स मागे होता, एप्रिलमध्ये ट्रम्पने पाठिंबा दिला आणि त्याने ३२ टक्क्यांवर प्रायमरी जिंकली, समोर मतं फुटलेली. पेनसिल्व्हेनियात ट्रम्पचाच डॉक्टर ऑझ हजाराहून कमी मतांनी वाचला. जॉर्जियात मात्र गव्हर्नर ब्रायन केम्पविरुद्ध ट्रम्पचा डेव्हिड पर्ड्यू २२ टक्क्यांवर अडकला, म्हणजे १९३८ च्याच राज्यात पुन्हा तेच. गर्दी असेल, कुणी फारसं ओळखीचं नसेल, तर प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे असल्यामुळे मतदार खूण शोधतो आणि पाठिंबा ती खूण होतो. समोर लोकांनी पारखलेला माणूस असला की तीच खूण निकामी.

त्याच वर्षी डेट्रॉईटला आपला मराठी माणूस होता. श्री ठाणेदार, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, काँग्रेसच्या जागेसाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार, शहराच्या महापौरांचा पाठिंबा अ‍ॅडम हॉलियरला. ठाणेदारांनी स्वतःचा पैसा ओतला, घराघरात नाव पोचवलं आणि २८ टक्क्यांवर जिंकले. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहराचा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, असं १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदाच झालं, आणि तिथल्या अनेकांना ते लागलं, ते मला समजतं. पुढाऱ्यांचा पाठिंबा एका नावामागे एकवटलाच नव्हता, मावळत्या काँग्रेसवुमन ब्रेंडा लॉरेन्स तिसऱ्याच उमेदवाराच्या, पोर्शिया रॉबर्सनच्या मागे उभ्या होत्या.