न्यायनिर्णयांचे ऑनलाइन प्रकाशन व संपादन (मराठवाडा)

न्यायालयाचे निकाल निवडून, तपासून, त्यांना शीर्षटीप (निकालाचे सार सांगणारी वरची टीप) व भाष्य जोडून इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचे काम. मराठवाड्यात ते प्रामुख्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या निकालांभोवती चालते. हे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले व १९८४ मध्ये कायमस्वरूपी झाले. जिल्हा न्यायालयांचे निकालही आता संकेतस्थळावर सहज मिळतात. ते छापताना घ्यायची काळजी वेगळी आहे.

निकालाची मूळ संहिता कोणालाही छापता येते. न्यायालयाने मनाई केली नसेल तर प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार निकाल छापल्याने हक्कभंग होत नाही. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ही रेषा स्पष्ट केली. मूळ निकालावर प्रकाशकाचा हक्क नाही. संपादकाने स्वतःच्या कौशल्याने केलेली परिच्छेदरचना, कोणते न्यायमूर्ती सहमत व कोणते असहमत याच्या नोंदी आणि स्वतः लिहिलेल्या शीर्षटिपा यांवर आहे. म्हणून दुसऱ्या नियतकालिकातील शीर्षटीप उचलून तिचे मराठी करणे ही चोरीच ठरते. सगळ्यांना फुकट मिळणारा निकाल पुन्हा छापण्यात तसा काही अर्थ नाही. वाचकाला हवा असतो तो त्यावर झालेला संपादकीय हात.

या हाताची खरी परीक्षा जमिनीच्या प्रकरणांत होते. औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे व नंदुरबार हे चार जिल्हे येतात. मराठवाड्यात कुळकायदा हैदराबादचा, म्हणजे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. उरलेल्या चार जिल्ह्यांना १९४८ चा मुंबईचा कायदा लागू होतो. निकालाच्या तटस्थ उद्धरणात (न्यायालयानेच दिलेल्या संदर्भ क्रमांकात) ‘बीएचसी-एयूजी’ असे दिसले तर त्यातून फक्त पीठ कळते, कायदा कळत नाही. जमीन कोणत्या जिल्ह्यातील आहे हे पाहिल्याशिवाय शीर्षटीप लिहू नये. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचा मालक मानला जाण्याचा दिवस, मुंबई कायद्याच्या कलम ३२ मधला. संरक्षित कुळाला मालकी देणारे हैदराबाद कायद्याचे कलम ३८-ई वेगळ्या रीतीने चालते. हस्तांतरणावरचे निर्बंध मुंबई कायद्यात कलम ४३ मध्ये आहेत, हैदराबाद कायद्यात कलम ५०-बी मध्ये. पुण्यातल्या जमिनीवरचा निकाल ‘कुळांसाठी महत्त्वाचा’ म्हणून परभणीच्या वाचकापुढे ठेवला, तर त्याची सरळसरळ दिशाभूल होते. इनाम जमिनींतही हाच धोका आहे. तेथे अतियात (इनामे व तत्सम सरकारी देणग्या) चौकशी अधिनियम, १९५२ आणि इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा १९५४ चा अधिनियम, हे दोन्ही हैदराबादचे कायदे पाहावे लागतात. जुन्या उर्दू कागदांतील फसली (महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या) सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. हा हिशेब निकालातच चुकलेला आढळला तरी संपादकाने मजकूर दुरुस्त करायचा नाही. चौकटी कंसात टीप द्यायची.

प्रत मिळाल्यावर पहिल्यांदा तिचा दर्जा ठरवावा. हा अंतरिम आदेश आहे की अंतिम निकाल, एका न्यायमूर्तींचा की दोघांचा? ‘खंडपीठ’ हा शब्द औरंगाबादच्या शाखेलाही आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठालाही वापरला जातो. वर्तमानपत्रे सरसकट ‘खंडपीठाचा निर्णय’ म्हणतात, त्यामुळे हे शेवटच्या पानापर्यंत वाचूनच ठरवावे लागते. ‘नोटीस काढा, तोवर स्थगिती’ एवढ्या दोन ओळींतून कायद्याचा सिद्धान्त निघत नाही. तरी असे मथळे रोज दिसतात. मुंबई उच्च न्यायालयात ‘स्पीकिंग टू मिनिट्स’ ही पद्धत आहे. पक्षकाराने चूक दाखवली की आदेशातील तारीख, गट क्रमांक किंवा एखादे वाक्य दुरुस्त होते. त्यामुळे प्रत कोणत्या दिवशी उतरवून घेतली ते नोंदवून ठेवावे आणि प्रसिद्धीच्या दिवशी ती पुन्हा पडताळावी. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेची (अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाची) मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवस असते. ती उलटल्यावर त्या प्रकरणाची स्थिती पुन्हा पाहावी. विलंब माफ होऊ शकतो, म्हणून तेवढ्यावरही निर्धास्त राहू नये.

शीर्षटिपेत संबंधित कलम, मोजकी वस्तुस्थिती, प्रश्न आणि उत्तर एवढे पुरे. साठ-सत्तर शब्दांपलीकडे ती गेली की बहुधा न्यायमूर्तींचे ओघात आलेले मतही निर्णयाधार (निकाल ज्यावर टेकतो ते कारण) म्हणून आत शिरलेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू असल्याने निकालात जे कलम आहे तेच ठेवावे आणि नवे कलम टिपेत द्यावे, जसे जुने ३०२, नवे १०३.

ओळख लपवण्यात झालेली चूक मात्र नंतर भरून निघत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. कलम ७३ खाली अशा खटल्याच्या कामकाजाचा मजकूर न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणे हा त्या कलमाखाली गुन्हा नाही, पण ही सूट जिल्हा न्यायालयाला नाही. लातूर किंवा नांदेडच्या सत्र न्यायालयाचा निकाल जसाच्या तसा चढवणारे नेमके इथेच अडकतात. बालकांच्या प्रकरणांत ‘पॉक्सो’चे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ यांचीही बंधने येतात. नुसते नाव काढून भागत नाही. ‘निपुण सक्सेना’ प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील देण्यास मनाई केली. दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावात गावाचे नाव, शाळा आणि वडिलांचा धंदा एवढे कळले की माणूस कळतो. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरे निवडून दुसरीकडे चिकटवता येतात. म्हणून आधी मजकूर काढावा, मग नवी पीडीएफ करावी, आणि फाइलचे नाव, पानाचा पत्ता व शोधात दिसणारा उतारा हेही तपासावे.

जात पडताळणीच्या निकालांत वंशावळ आणि नातेवाइकांच्या प्रमाणपत्रांचा तपशील असतो. कायद्याची बंदी नसली, तरी मुद्दा समजायला लागत नसतील ती नावे गाळणेच शहाणपणाचे.

प्रलंबित प्रकरणाचे निष्पक्ष व अचूक वृत्त हा न्यायालयाचा अवमान ठरत नाही (अवमान अधिनियम, १९७१, कलम ४). अंतिम निकालाच्या गुणदोषांवर वाजवी टीका करण्याची मुभा कलम ५ देते. निकालावर टीका चालते, न्यायाधीशाच्या हेतूवर शिंतोडे चालत नाहीत. सरकारी नियंत्रणाचा प्रश्न २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पुढे आणला. कायदेविषयक पोर्टल ‘द लीफलेट’ व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी डिजिटल प्रकाशकांवरील आचारसंहितेच्या सक्तीसंबंधीच्या नियम ९(१) व ९(३) ला स्थगिती दिली.

लेखक बहुधा वकीलच असतात. ज्या प्रकरणात ते स्वतः हजर होते त्यावर लिहिताना तसे लेखाच्या आरंभीच सांगावे. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून ‘अशाच प्रकरणांसाठी संपर्क साधा’ ही ओळ संपादकाने काढून टाकावी. चूक सापडल्यास पानाचा पत्ता तोच ठेवून दुरुस्तीची टीप तारखेसह वर द्यावी. गुपचूप बदललेला मजकूर एखाद्या वकिलाने आधीच युक्तिवादात वापरलेला असू शकतो.

जिल्हा न्यायालयांचे मराठी निकाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर नकल करताच अक्षरे विस्कटतात. स्कॅनवरून वाचन करून घेतल्यास १ व ९ यांची अदलाबदल होते, आणि गट क्रमांकात ती झाली की जमीनच बदलते. आकडे मूळ प्रतीशी दोघांनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने पाहून, ताडावेत. उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांचे मराठी अनुवाद पक्षकाराला समजण्यापुरते असतात. अधिकृत पाठ इंग्रजीच मानला जातो, आणि अवतरणाचा परिच्छेद क्रमांकही त्यातूनच द्यावा लागतो.