सॉफ्टवेअर रेडिओ, घरगुती

येणाऱ्या रेडिओ लहरींतून हवे ते केंद्र निवडणे आणि त्यातला आवाज किंवा माहिती सोडवून काढणे, ही कामे ज्या ग्राहीत (रिसीव्हरमध्ये) तारेची वेटोळी, धारित्रे आणि स्फटिक यांच्याऐवजी संगणकावरचा प्रोग्रॅम करतो, त्याला सॉफ्टवेअर रेडिओ किंवा एसडीआर (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ) म्हणतात. मोबाइल मनोऱ्यांत आणि लष्करी संचांत हे तंत्र आता सर्वत्र आहे. प्रस्तुत नोंद मात्र घरच्या संगणकाला यूएसबी डोंगल जोडून चालवायच्या ग्राहीपुरती आणि मुख्यतः पुणे परिसरापुरती मर्यादित आहे.

उगम : हे तंत्र प्रथम कोणी मांडले, याविषयी मतभेद आहेत. उलरिक रोडे यांच्या आरसीए कंपनीतील गटाने १९८२च्या सुमारास कॉसमॅक प्रोसेसरवर आधारलेला अंकीय (डिजिटल) ग्राही तयार केला होता, म्हणून काहीजण अग्रमान त्यांना देतात. टेक्सस राज्यातील गारलँड येथील ई-सिस्टिम्स कंपनीच्या १९८४ सालच्या अंतर्गत वार्तापत्रात ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हे नाव छापलेले आढळते. जोसेफ मिटोला यांनी १९९१मध्ये जीएसएम मोबाइल सेवेच्या तळकेंद्राच्या आराखड्यासाठी तेच नाव स्वतंत्रपणे वापरले आणि १९९२च्या निबंधात संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. अमेरिकी लष्कराचा स्पीकईझी प्रकल्पही साधारण याच काळातला. बहुतेक संदर्भग्रंथ मिटोला यांना जनक मानतात.

यात नावाचा वाद आणि तंत्राचा वाद यांची गल्लत झालेली दिसते. लहरींचे आकड्यांत रूपांतर साखळीत कोठे होते, हा निकष लावला की चित्र पुष्कळ स्पष्ट होते. ई-सिस्टिम्सच्या संचात रूपांतर अगदी शेवटी होत असे, म्हणजे संकेत वाहक लहरीवरून मूळ पट्ट्यावर (बेसबँड) उतरल्यानंतर. मिटोला यांचा आग्रह ते शक्य तितके अँटेनाजवळ नेण्याचा होता. आजच्या अर्थाने सॉफ्टवेअर रेडिओ म्हणायचे तर मिटोला यांची बाजू अधिक भक्कम ठरते. पण अंकीय ग्राही त्यांच्या आधी चालत होते, हेही नाकारता येत नाही.

घरगुती शाखेचा उगम वेगळा आहे. एरिक ब्लॉसम यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या ग्नू रेडिओ या प्रकल्पाने मुक्त संगणकप्रणाली दिली, पण तिला जोडायची उपकरणे महाग होती. स्वस्त उपकरण मिळाले ते डिजिटल दूरदर्शनच्या डोंगलमधून. रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप एफएम ऐकवताना स्वतः काहीच सोडवत नाही, कच्चे नमुने तसेच संगणकाकडे ढकलते. एरिक फ्राय यांनी २०१०मध्ये यूएसबीवरची देवघेव तपासून याचा माग काढल्याचे सांगितले जाते. तरीही सामान्यतः श्रेय अँटी पालोसारी यांच्या फेब्रुवारी २०१२मधील निरीक्षणाला देतात आणि ते योग्य वाटते, कारण ऑस्मोकॉम या मुक्त प्रणाली लिहिणाऱ्यांच्या गटाने लिहिलेला व सर्वांना खुला झालेला ड्रायव्हर त्यातूनच पुढे आला. हे डोंगल मुळात डिजिटल दूरदर्शन प्रक्षेपणाच्या डीव्हीबी-टी पद्धतीचे. भारतात दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ स्वीकारल्यामुळे ज्या कामासाठी ते बनले त्याचा येथे उपयोग नाही. पुण्यात ते रेडिओ म्हणूनच वापरले जाते.

पुण्याचा या तंत्राशी संबंध मात्र डोंगलच्या आधीचा आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमी.वर, नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्यांचे संकेत जुळवण्याचे काम आधी खास घडवलेल्या चिपांवर चाले. साधारण २०१०च्या सुमारास विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या (एनसीआरए) गटाने ते बाजारात मिळणारी रूपांतरक कार्डे आणि सर्वसाधारण संगणकांचा समूह यांवर आणले. प्रत्येक थाळीतून ध्रुवणाचे दोन, असे ६० संकेत ३२ मेगाहर्ट्झ पट्ट्यासह प्रत्यक्ष वेळेत हाताळले जात. घरगुती नोंदीत या उल्लेखाला जागा दिली, कारण आकार सोडला तर दोन्हीकडचे तत्त्व एकच आहे आणि या तंत्रातील भारतीय कामाचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

कार्य : डोंगलमधील आर८२०टी हा ट्यूनर सुमारे २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झमधली हवी ती कंप्रता (फ्रिक्वेन्सी) पकडून ती ३.५७ मेगाहर्ट्झवर उतरवतो. मग रूपांतरक तिचे ८ बिटी नमुने घेतो. नमुने दोन समांतर मालिकांत, पाव आवर्तनाच्या अंतराने मिळतात. मध्यकंप्रतेच्या वरचा संकेत कोणता आणि खालचा कोणता हे एकाच मालिकेवरून ओळखता येत नाही, म्हणून हा खटाटोप. सेकंदाला ३२ लाख नमुन्यांचा दावा असला तरी गळती न होता सुमारे २४ लाखच मिळतात, म्हणजे पडद्यावर एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो. पुण्यात रेडिओ सिटी ९१.१ वर आणि रेड एफएम ९३.५ वर आहे. अंतर बरोबर २.४, तरीही दोन्ही एका खिडकीत नीट येत नाहीत, कारण पट्ट्याच्या दोन्ही कडा गाळणीमुळे दबलेल्या असतात.

आठ बिट ही खरी मर्यादा आहे. दर बिटाला सुमारे ६ डेसिबल धरले, तर अत्यंत प्रबळ आणि अत्यंत क्षीण संकेतांत ५० डेसिबलच्या आसपासच अंतर पेलते. गेनचा (संकेत किती वाढवायचा त्याचा) सरकता खटका वर नेला की सुरुवातीला सगळे उजळल्यासारखे वाटते. थोड्याच वेळात जेथे कोणतेही केंद्र नाही अशा कंप्रतेवर मिर्ची ९८.३ ची गाणी ऐकू येऊ लागतात. गेन दोन पायऱ्या खाली आणला की ते भूत नाहीसे होते आणि खरा संकेत तेवढा उरतो. नवशिक्याने पहिल्याच बैठकीत हे करून पाहावे. त्यानंतर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी छोटी गाळणी घेतली, तर शहरात बाकीच्या पट्ट्यांवर लगेच फरक जाणवतो.

जुळणी : विंडोजवर झॅडिग या साधनाने ड्रायव्हर बदलून एसडीआरशार्प किंवा एसडीआर++ हे ग्रहणाचे प्रोग्रॅम चालवतात, लिनक्सवर दूरदर्शनसाठीचा मूळ ड्रायव्हर बंद करून जीक्यूआरएक्स. स्वस्त डोंगलचा स्फटिक दशलक्षात ५० भागांपर्यंत सहज चुकतो. १०० मेगाहर्ट्झवर ही चूक ५ किलोहर्ट्झ होते. ओळखीच्या केंद्रावर ती मोजून प्रोग्रॅममध्ये भरावी, पण डोंगल पंधरा-वीस मिनिटे तापल्यानंतर. तापमान भरपाई असलेल्या स्फटिकाचे डोंगल थोडे महाग असले तरी ते घेणे श्रेयस्कर.

प्रोग्रॅमपेक्षा जास्त लक्ष अँटेनाकडे द्यावे लागते. सोबत मिळणारी चुंबकी काडी सिमेंटच्या इमारतीत, खिडकीच्या लोखंडी जाळीआड जवळजवळ बहिरी असते. पाव तरंगलांबी मीटरमध्ये काढायची तर ७५ला मेगाहर्ट्झने भागावे : १०० साठी ७५ सेंमी., १३७ साठी सुमारे ५५ सेंमी. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून कोॲक्सियल केबल, जोडण्या आणि ॲल्युमिनियमच्या दोन काड्या आणल्या की गच्चीवरचा द्विध्रुव (डायपोल अँटेना) तयार होतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि लॅपटॉपचा चार्जर यांचा गोंगाट पडद्यावर समान अंतरांच्या उभ्या रेघांनी ओळखू येतो. डोंगल यूएसबीच्या वाढीव वायरने संगणकापासून दूर नेल्यास तो बराच कमी होतो.

पुण्यातील ग्रहण : आकाशवाणीचे १०१ मेगाहर्ट्झवरील एफएम आणि विद्यापीठाचे सामुदायिक केंद्र विद्यावाणी (१०७.४) सरावाला उत्तम. आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे केंद्र ट्यूनरच्या आवाक्याखाली आहे. त्यासाठी कंप्रता वर चढवणारा जोडसंच लागतो किंवा ट्यूनर वगळून थेट रूपांतरकात संकेत सोडावा लागतो. हा दुसरा मार्ग मिटोला यांच्या कल्पनेला सर्वांत जवळचा.

नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या १५, १८ आणि १९ क्रमांकांच्या हवामान उपग्रहांची १३७ मेगाहर्ट्झवरील चित्रे वर्षानुवर्षे नवशिक्यांचा पहिला धडा होती. तिन्ही उपग्रह २०२५मध्ये सेवामुक्त झाले, त्यामुळे जुनी मार्गदर्शने आता चालत नाहीत. त्या पट्ट्यात रशियाचे मेटिओर-एम मालिकेतील उपग्रह अंकीय चित्रे पाठवतात. ते ध्रुवीय कक्षेत फिरतात, म्हणून १२० अंशांच्या कोनात आडवा ठेवलेला द्विध्रुव दक्षिणोत्तर रोखावा. वेताळ टेकडीसारखे मोकळे क्षितिज मिळाले, तर उपग्रह उगवल्यापासून मावळेपर्यंतचा बराचसा पट्टा हाती लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे हौशी रेडिओचे (हॅम) प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर असते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून सुटला. हौशी पट्ट्यातून बोलणारा उपग्रह कॉलेजच्या मुलांनी बनवला, ही या शहराच्या रेडिओ इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

आकाशगंगेतील हायड्रोजनची १,४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा याच डोंगलच्या आवाक्यात येते. कमी गोंगाटाचा प्रवर्धक, त्या कंप्रतेची गाळणी आणि पत्र्याचे शिंगाकार अँटेना एवढ्या सामग्रीवर, नमुन्यांची मिनिटभर सरासरी काढली की रेषेचा उंचवटा दिसू लागतो. एनसीआरए आणि आयुका (पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) यांच्या महाविद्यालयीन हिवाळी शाळेत रेडिओ खगोलशास्त्राचे प्रात्यक्षिक शिक्षण मिळते.

कायदा : भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ नुसार बिनतारी उपकरण बाळगण्यावरच निर्बंध होते, दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील तरतुदी टप्प्याटप्प्याने त्याची जागा घेत आहेत. सार्वजनिक प्रसारण आणि हौशी पट्टे ऐकण्यापुरते राहावे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तेथील संभाषण किंवा पोलिसांचे संदेश ऐकण्याच्या वाटेला जाऊ नये. हॅकआरएफसारखी उपकरणे प्रक्षेपणही करू शकतात. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो; किमान वय १२ वर्षे.